क्लावे कुणाच्या हातात?

तबल्याशेजारी कांगा हा क्यूबाचा उभा ढोल, मागे पियानो आणि बास, पुढे बासरी किंवा सॅक्सोफोन. रचना पंधरा मिनिटांची. शेवटी तबला आणि कांगाचे सवाल-जवाब, मग तिहाई (एकच बोल तीनदा घेऊन केलेला शेवट), मग टाळ्या. आफ्रो-क्यूबन जॅझ आणि भारतीय संगीत यांचा मेळ म्हणून आपल्याकडे जे मंचावर येतं, त्याचा साचा साधारण असा असतो. वादक बहुधा तयारीचे असतात, श्रोतेही मनापासून दाद देतात. तरीही यातल्या बऱ्याच कार्यक्रमांत मेळ झालेलाच नसतो. दोन मंडळी एकाच वेगात शेजारी-शेजारी वाजवत असतात, एवढंच.

सरावाला वेळ मिळाला नाही, असं कारण यावर दिलं जातं. ते खरंच आहे आणि त्याकडे यायचंच आहे. पण मूळ चूक त्याच्याही आधीची आहे. दोन परंपरा एकत्र आल्या की दोघींना सारखीच जागा मिळाली पाहिजे, कोणीच आपलं सोडता कामा नये, असा एक समज घट्ट बसला आहे. ऐकायला तो न्यायाचा वाटतो. संगीतात मात्र त्यातून काही उभं राहत नाही. एका रचनेत एकाच घराची रीत चालली पाहिजे: एक परंपरा यजमान, दुसरी पाहुणी, आणि पाहुणीने यजमानाच्या घरातलं उठणं-बसणं आधी शिकून घ्यायचं. पुढच्या रचनेत या भूमिका खुशाल उलटाव्यात. पण पहिल्या सरावाच्या आधी, प्रत्येक रचनेपुरतं, हे ठरलेलं असावं. आफ्रो-क्यूबन संगीताच्या बाबतीत तर याला पर्याय नाही, कारण त्या घराची रीत एका छोट्या आकृतीत बांधलेली आहे आणि ती मोडली की सगळंच ढासळतं.

ती आकृती म्हणजे क्लावे. दोन गुळगुळीत लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून वाजवतात, त्या वाद्याचंही नाव तेच. सोळा मात्रांचं आवर्तन धरलं तर सोन या क्यूबन गाण्याच्या प्रकारातल्या क्लावेचे पाच ठोके १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर पडतात. रुम्बाच्या क्लावेत तिसरा ठोका सातवरून आठवर सरकतो. फरक एका मात्रेचा, पण चाल साफ बदलते. पहिल्या आठ मात्रांत तीन ठोके, दुसऱ्या आठांत दोन. तीनची बाजू ताणलेली, दोनची बाजू मोकळी, आणि या ताण-मोकळिकीवर गाणं, पियानो, बास, कांगा, ब्रास असे सगळेच उभे असतात. गाणं कधी तीनच्या बाजूने सुरू होतं, कधी दोनच्या. एकदा सुरू झालं की क्लावे पलटायची नसते. चाल सात किंवा नऊ बारांची निघाली तर चालीलाच वळवून क्लावेशी जुळवून घ्यायचं.

हे तीनतालाशेजारी ठेवून बघावं. तीनतालाच्या टाळ्या १, ५, १३ वर, आणि ‘खाली’, म्हणजे टाळीऐवजी हात उघडायची जागा, ९ वर. क्लावेशी त्यातल्या दोनच जागा जुळतात, सम म्हणजे पहिली मात्रा, आणि तेरावी. खालीवर क्लावे गप्प असते. म्हणजे हातावर तीनताल धरणारा आणि दांड्या वाजवणारा एकमेकांना बहुतेक वेळ चुकवत असतात, आणि तरी दोघांच्या चक्रात एक खोल साम्य आहे: दोन्हीकडे आवर्तनाचा एक भाग भरीव आणि दुसरा मोकळा. तबल्यात ते बायाँचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा बंद करून दाखवतात, क्यूबात ठोक्यांची संख्या कमी करून. मेळाची खरी जागा इथे आहे, आणि इथेच बहुतेकांचं लक्ष जात नाही.

कारण चूक कशी होते ते पाहा. खालीपासून उठणारी द्रुत गत, म्हणजे तालात बांधलेली जलद चाल, घेतली. कांगावादकाच्या कानाला गत जिथे उठते तीच सुरुवात वाटते, आणि तो नवव्या मात्रेला आपली पहिली समजून तिथे तीनची बाजू लावतो. तबलावादकाची सम आता त्याच्या दोनच्या बाजूवर पडते. वेग जुळलेला, मात्रा जुळलेल्या, कोणी बेताल नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला सतत काहीतरी अडखळल्यासारखं वाटत राहतं. क्यूबन वादक याला क्लावे ‘क्रुसादो’, म्हणजे आडवी गेलेली, म्हणतात. संगणकावर तयार तुकडे जोडून काम करणाऱ्यांकडून हेच अगदी रोज होतं: एका तुकड्यात कांगा तीन-दोनचा, दुसऱ्यात टिंबाले (धातूच्या भांड्यांचे जोडढोल) दोन-तीनचे, आणि दोन्ही एकमेकांवर चढवलेले. तपासणी सोपी आहे. गत तोंडाने म्हणायची, तिचे जोर कुठे पडतात ते बघायचं, आणि दांड्या आधी एका बाजूने व मग दुसऱ्या बाजूने वाजवून पाहायच्या. जोर ४ आणि ७ वर जास्त येत असतील तर ती तीनची बाजू. दोन्हीकडे सारखंच अडतं असं दिसलं तर ती गत या कामाची नाही, दुसरी निवडावी.

वेगाचंही गणित आधी करावं लागतं. मध्यम चालीच्या सोनमध्ये ही सोळा मात्रांची फेरी साधारण तीन सेकंदांत पुरी होते, म्हणजे मिनिटाला ३२० मात्रा. द्रुत तीनतालात ते एकास एक बसतं. चा-चा-चा संथ, तिथे चार सेकंद, २४० मात्रा, तबल्याला बोल उलगडायला भरपूर जागा. फेरी दोन सेकंदांवर आली की मात्रा ४८० होतात आणि तीनताल नुसता धावतो. तिथे केहरव्याच्या आठ मात्रांत क्लावे धरावी; तेव्हा तिचे ठोके १, अडीच, ४, ६ आणि ७ वर येतात. याच हिशेबात रूपकाची एक सुंदर सोय दडलेली आहे. केहरव्यातली आठवी मात्रा काढून टाकली की सात उरतात आणि ठोक्यांच्या जागा त्याच राहतात. रूपकाचे विभाग १, ४ आणि ६ वर, तिन्ही ठिकाणी क्लावेचा ठोका हजर. सात मात्रांची क्लावे बांधण्याच्या आणखीही तऱ्हा आहेत, पण रूपकासाठी ही सगळ्यांत कमी ओढाताणीची. अडचण एकच: रूपकाची सम खाली असते, तिथे तबला हलका होतो, आणि क्लावेचा पहिला ठोका नेमका तिथेच पडतो. कोणाचं चालायचं, ते यजमान ठरवेल.

याहून मोठा संघर्ष बासशी होतो. आपल्याकडे सगळ्या वाटा समेकडे जातात. क्यूबन बासवादक नेमका समेलाच वाजवत नाही. तुम्बाओ नावाच्या त्याच्या मूळ चालीत सोळा मात्रांपैकी ४, ७, १२ आणि १५ वर सूर पडतो. पंधराव्या मात्रेवर तो पुढच्या आवर्तनाच्या कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचा, सूर आधीच लावून ठेवतो आणि तो सूर समेवरून लांबत पुढे जातो. कांगाचे उघडे, गोल आवाजाचे ठोकेही ७-८ आणि १५-१६ वर, म्हणजे समेच्या आधी. अशात तबलावादक तिहाई घेऊन समेवर दणकन उतरला की तो रिकाम्या जागेत पडतो, कारण बाकीचे दोन मात्रा आधीच पोचलेले असतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण मंचावरच्या प्रत्येकाला ती पोकळी कळते.

उपाय कठीण नाही. ‘तिटकताधा’ हा पाच मात्रांचा बोल घ्या. समेपासून तीनदा, मध्ये एकेका मात्रेचा दम देऊन म्हटला तर ‘धा’ पाचव्यावर, अकराव्यावर आणि पुढच्या समेवर येतो. हीच तिहाई बेदम केली, दोन्ही दम काढून टाकले, की ‘धा’ ५, १० आणि १५ वर येतो, आणि शेवटचा ‘धा’ बासच्या सुरावर नेमका बसतो. पहिली तिहाई भारतीय घरातली. तीत बासवादकाने वाकायचं, त्या एका आवर्तनात पंधरावी सोडून सम वाजवायची. दुसरी क्यूबन घरातली, तीत तबल्याने समेची ओढ सोडायची. दोन्ही सुरेख लागतात. दोघांनीही आपापलंच धरून ठेवलं की मात्र ती तिहाई फसते. गंमत म्हणजे दमदार तिहाईतला मधला ‘धा’ अकराव्यावर, क्लावेच्या ठोक्यावरच पडतो. पाहुण्याला तेवढा एक दुवा आयताच मिळतो.

बारा मात्रांच्या बाबतीत हे नातं आणखी खोल जातं. पश्चिम आफ्रिकेतून क्यूबात आलेल्या बारा मात्रांच्या घंटेचे ठोके १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर असतात. एकतालाचे विभाग १, ३, ५, ७, ९, ११ वर. पाचव्या मात्रेपर्यंत घंटा ठेक्याच्या बरोबरीने चालते, मग एक पाऊल लवकर टाकते आणि उरलेलं सगळं आवर्तन विभागांच्या मधल्या जागांवर चालत समेपाशी परत येते. हा प्रवास हातावर एकताल धरून, तोंडाने घंटा म्हणत, दहा मिनिटं केला तरी पुष्कळ काही उमगतं.

इतिहासाकडे वळलं तर यजमान-पाहुण्याची ही रीत कोणा पंडिताने काढलेली नाही, हे दिसतं. मारिओ बाऊसा १९३० साली हवानाहून न्यू यॉर्कला आले. चिक वेब आणि नंतर कॅब कॅलोवे यांच्या वाद्यवृंदांत ते ट्रंपेट वाजवत होते. म्हणजे स्विंगचं, त्या काळच्या नाचत्या अमेरिकी जॅझचं, घर त्यांनी आत राहून, पगारी नोकर म्हणून, पाहिलं होतं. मग माचितो यांच्या आफ्रो-क्यूबन्स या वाद्यवृंदाचे ते संगीत दिग्दर्शक झाले आणि १९४३ साली ‘तांगा’ बांधलं गेलं. क्लावेवर उभी असलेली जॅझ रचना म्हणून सामान्यतः पहिला मान तिलाच दिला जातो. तिथे संदिग्ध काही नव्हतं. तालविभाग क्यूबाचा, जॅझच्या कॉर्ड आणि एकल वादन त्या घरात राहायला आलेलं. दोन्ही घरं जाणणारा एक माणूस मध्ये होता म्हणून ते जमलं.

चार वर्षांनी अमेरिकी ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी आणि क्यूबन कांगावादक चानो पोसो एकत्र आले. ३० डिसेंबर १९४७ ला ध्वनिमुद्रित झालेल्या ‘मान्तेका’चा मुख्य भाग पोसो यांच्या थरांवर रचलेला आहे. मधला भाग गिलेस्पी यांनी जोडला आणि तिथे ताल स्विंगकडे झुकतो. रचना थोर आहे, तिने एका अख्ख्या पिढीचे कान बदलले. पण तिच्यात दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, मधलं दार प्रत्येक फेरीत उघडतं आणि बंद होतं. ती जोडणी पुढे कुठे गेली असती ते कळायला मार्ग राहिला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये पोसो यांचा खून झाला. आज जगभरच्या मिश्रणांत ‘मान्तेका’चा हा साचा सर्रास उचलला जातो, आठ बार तुमचे आणि आठ आमचे, पण त्यातल्या प्रत्येक थराची घट्ट वीण कोणी उचलत नाही.

सगळ्यांत यशस्वी मिश्रण शोधायचं तर ते मध्य आफ्रिकेत सापडतं आणि त्याला कोणी कधी फ्यूजन म्हटलं नाही. १९३० च्या दशकापासून क्यूबन सोनच्या तबकड्या कांगो नदीच्या दोन्ही काठांवरच्या शहरांत पोचू लागल्या. जिथली माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली गेली होती, तिथलाच ताल सुधारून-वाढून परत आला होता. तिथल्या वादकांनी पियानोची मोंतुनो, म्हणजे फिरून फिरून येणारी तुटक कॉर्डमाला, गिटारवर उतरवली. सुरुवातीला स्पॅनिश शब्द ऐकू येतील तसे म्हटले, मग लिंगाला भाषेत गाणी आली. जोसेफ कबासेले यांचा ‘आफ्रिकन जॅझ’ हा वाद्यवृंद १९५३ चा. दोन-तीन गिटारींची गुंफण वाढत गेली, मूळ सोनची मांडणी मागे पडली आणि नवं घर उभं राहिलं. युनेस्कोने क्यूबन रुम्बा २०१६ मध्ये आणि कांगोली रुम्बा २०२१ मध्ये आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, दोन वेगवेगळ्या नोंदी म्हणून. पाहुणा इतका मुरला की त्याचं स्वतःचं दुसरं घर झालं. याला लागली दोन-तीन दशकं, आणि रोज रात्री नाचणारी माणसं. महोत्सवाच्या एका संध्याकाळीत हे होत नसतं. माली देशाने १९६४ साली दहा तरुणांना संगीत शिकायला हवानाला पाठवलं होतं. ते वर्षानुवर्षं तिथे राहिले. त्या पाठवण्यात जी समज होती ती आजच्या तीन दिवसांच्या व्हिसावर चालणाऱ्या कार्यक्रमांत नाही.

याच्या उलट टोकाला २००३ ची बेबो वाल्देस आणि दिएगो एल सिगाला यांची ‘लाग्रिमास नेग्रास’ ही तबकडी. पियानोवर हवानाचा बुजुर्ग, गळा फ्लामेंकोचा. सिगाला यांनी क्यूबन गाण्यांची बांधणी मोडायला घेतली नाही. यजमान क्यूबा आहे हे पहिल्या सुरापासून स्पष्ट आहे आणि पाहुण्याने फक्त आपला आवाज आणला आहे: खरवडलेला, ताणलेला, शब्दाच्या शेवटी कोसळणारा. पाहुण्याने एवढं आणलं तरी घर बदलून जातं. झाकीर हुसेन आणि पोर्तो रिकोचे कांगावादक जोव्हानी हिदाल्गो यांना अमेरिकी ड्रमवादक मिकी हार्ट यांनी ‘प्लॅनेट ड्रम’मध्ये एकत्र आणलं तेव्हा (१९९१) वेगळाच मार्ग निघाला: मुख्यतः तालवाद्यंच असल्याने कॉर्ड आणि रागाचा तंटाच उद्भवला नाही. जागतिक संगीतासाठीचं पहिलं ग्रॅमी त्या तबकडीला मिळालं.

कॉर्ड आणि रागाचा तंटा मात्र पियानो आला की टळत नाही, आणि तिथे बहुतेक जण जो राग आवडतो तो घेऊन बसतात. निवड आधी तानपुऱ्याला विचारून करावी. मोंतुनो ठरलेल्या कॉर्डवर फिरते. नेहमीच्या षड्ज-मध्यम-पंचम वळणात पंचमाचा डॉमिनंट सेव्हन्थ (षड्जाकडे ओढणारी चार सुरांची कॉर्ड) आला की त्यातला शुद्ध निषाद तानपुऱ्याच्या षड्जाला अर्ध्या सुराच्या अंतरावर घासतो. क्षणभर ते चालतं, दर आवर्तनाला चालत नाही. त्यापेक्षा काफीचे सूर घ्या. षड्जाचा मायनर आणि मध्यमाचा डॉमिनंट सेव्हन्थ, अशा दोनच कॉर्ड. मध्यमाच्या कॉर्डमध्ये मध्यम, शुद्ध धैवत, षड्ज आणि कोमल गंधार, सगळे काफीतलेच, आणि तानपुऱ्याचा षड्ज तिथे कॉर्डचा पाचवा सूर होऊन बसतो. क्यूबन देस्कार्गांत, म्हणजे मोकळ्या मैफलींत, हे दोन कॉर्डचं वळण जुनंच आहे, त्यामुळे पियानोवादकालाही परकं वाटत नाही. पियानोच्या कोमल गंधाराची जागा बांधलेली असते, गाणाऱ्याचा गंधार रागाप्रमाणे चढतो-उतरतो; म्हणून त्या सुरावर गायकाने थांबायचं असेल तेव्हा पियानोने तो सूर कॉर्डमधून गाळावा. मारवा, श्री, दरबारी यांच्या वाटेला पियानोच्या मोंतुनोसह कोणी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या रागांचा प्राण ज्या जागांमध्ये आहे त्या पट्टीवर नसतात.

आणखी एक अडचण आवाजाची. टिंबालेची धातूची भांडी आणि घंटा कुठल्याही तबल्याला झाकून टाकतात. मग तबल्याचा मायक्रोफोन वाढवला जातो आणि बायाँ घुमून शिट्टी मारू लागतो. शिवाय बायाँ आणि सव्वाबारा-साडेबारा इंची तुम्बा, म्हणजे सगळ्यांत मोठी कांगा, एकाच खालच्या पट्ट्यात बोलतात आणि एकमेकांना खातात. अशा वेळी तुम्बा बाजूला ठेवून, अकरा इंची किंतो (सगळ्यांत लहान कांगा) आणि पावणेबारा इंची कांगा एवढंच ठेवावं. टिंबालेवाल्याने भांड्यांच्या कडेवर वाजवावं, घंटा शेवटच्या भागापर्यंत हातात घेऊ नये. दायाँ षड्जात लागलेला असतो, म्हणून मध्येच पट्टी बदलणाऱ्या रचनेत दुसरा दायाँ तयार ठेवावा लागतो. हे ऐनवेळी आठवून उपयोग नाही.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. क्लावेचे हे कडक नियम, तीन-दोन आणि दोन-तीन ही भाषा, न्यू यॉर्कच्या लिहून वाजवणाऱ्या वादकांमध्ये जास्त रुजली. क्यूबातले वादक स्वतः ती इतक्या सोवळ्याने पाळत नाहीत. मग बाहेरच्यांनी का पाळावी? यातला पहिला भाग खरा आहे. पण नियम वाकवणारा क्यूबन वादक तो लहानपणापासून अंगात मुरवून मग वाकवतो. हवानात १९५७ साली बासवादक काचाओ यांनी रात्रीच्या नोकऱ्या आटोपून आलेल्या वादकांना घेऊन ज्या देस्कार्गा ध्वनिमुद्रित केल्या, त्यांत लिहिलेलं फारच थोडं होतं. ते मोकळेपण शक्य झालं कारण क्लावे कुठे आहे हे त्या खोलीत कोणालाही विचारावं लागत नव्हतं. पाहुण्याला हे स्वातंत्र्य शेवटी मिळतं. दाफ्निस प्रिएतो यांच्यासारखा क्यूबन ड्रमवादक विषम मात्रांत खेळतो तेव्हा ऐकावं. क्लावे मोडलेली वाटत नाही, ताणलेली वाटते.

बाता या ढोलांच्या बाबतीत प्रश्न नुसता व्याकरणाचा उरत नाही. इया, इतोतेले आणि ओकोंकोलो हे तीन दोनतोंडी ढोल, मिळून सहा तोंडं आणि सहा आवाज, आणि त्यांचा संवाद ओरिशांना, म्हणजे योरुबा परंपरेतल्या दैवतांना, उद्देशून असतो. दीक्षा दिलेले ढोल वेगळे, बिनदीक्षेचे वेगळे. १९३० च्या दशकात क्यूबन अभ्यासक फर्नांदो ओर्तिस यांनी हवानात व्याख्यानासाठी बाता पहिल्यांदा सभागृहात आणला तोही बिनदीक्षेचा होता. इराकेरे या क्यूबन वाद्यवृंदाने १९७३ पासून बाता आणि विजेची गिटार शेजारी बसवली, पण वाजवणाऱ्यांना कोणता ठेका कोणाचा आहे ते माहीत होतं. गोंधळातला संबळ जागरणापासून सोडवून नुसता ‘इफेक्ट’ म्हणून वापरला की आपल्याला जे खटकतं, तेच तिथल्या लोकांना खटकतं. कोणत्या दैवताचा ठेका आहे हे विचारून घ्यावं, क्रम जपावा, आणि नको म्हटलं तर तो ठेका सोडावा.

मुंबईचा या संगीताशी संबंध नवा नाही. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकलेले वादक हॉटेलांच्या बँडमधून सिनेमात आले. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे सहायक होते आणि १९५१ च्या ‘अलबेला’त त्या जोडीची छाप स्पष्ट आहे. कावस लॉर्ड आणि त्यांच्या मुलांनी बोंगो, कांगा, माराकास ही वाद्यं सिनेसंगीतात रुळवली. हे काम फार मोठं आहे. पण सिनेमाच्या वाद्यवृंदाने क्यूबाकडून मुख्यतः रंग घेतला. बोंगोवर तीन-तीन-दोनची चाल वाजत राहिली, ती क्लावेची फक्त पहिली बाजू. तिला उत्तर देणारी दोनची बाजू गाळली गेली. तीन मिनिटांच्या गाण्याला ते पुरेसं होतं, आणि गाण्याचं घर हिंदी सिनेमाचं होतं, त्यात कसली लपवाछपवी नव्हती. आज मात्र त्याच एकपदरी बोंगोला ‘आफ्रो-क्यूबन’ म्हणून मंचावर आणलं जातं, तेव्हा नावाला जागण्याची जबाबदारी येते. नावं किती महागात पडतात हे क्यूबन परंपरेच्या वादकांनी अनुभवलं आहे: २०११ साली ग्रॅमीने लॅटिन जॅझचा स्वतंत्र विभाग रद्द केला, बॉबी सनाब्रिया आणि इतर वादक त्याविरुद्ध भांडले, आणि २०१२ मध्ये तो परत आला.

म्हणून मागणी आयोजकांकडे आहे, त्यांत सरकारी पैशावर महोत्सव भरवणारेही आले. परदेशी वादकाचं विमान, हॉटेल आणि मानधन यावर खर्च होतो, सरावाला एक दुपार मिळते आणि तीही आवाजाच्या चाचणीत जाते. पाहुण्यांची संख्या निम्मी करावी आणि पाच दिवस सरावाचे, पूर्ण मानधनासह, करारात लिहावेत. दुसऱ्या दिवशी फक्त तबला, कांगा आणि बास. पियानो आणि चाल तिसऱ्या दिवसाआधी आणू नये, कारण चाल आली की सगळे तिच्यामागे लपतात. चौथा दिवस तिहायांचा आणि शेवटांचा. पाचव्या दिवशी पूर्ण कार्यक्रम दोनदा, प्रेक्षकांशिवाय. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक रचनेखाली यजमान कोण ते छापावं, आणि तालाची बांधणी ज्याने केली त्याचं नाव चालीच्या रचनाकाराशेजारी यावं. तालवादकाचं काम ‘साथ’ या एका शब्दात बुडवण्याची सवय दोन्ही देशांत आहे. पोसो यांचं नाव ‘मान्तेका’च्या रचनाकारांत गिलेस्पी यांच्या बरोबरीने लागलं, ते तिथेही नेहमीचं नव्हतं.

पहिल्या दिवशी वाद्यं खोलीत आणूच नयेत. त्या दिवशी दांड्या तबलावादकाच्या हातात द्याव्यात, कांगावादकाला हातावर तीनताल धरायला बसवावं, आणि बासवादकाने तोंडाने ४, ७, १२, १५ म्हणत खोलीभर चालावं, दुपारच्या जेवणापर्यंत.